मायचे उघडे डोळे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चमधल्या बायांना नाही. आणि प्रार्थनेत? प्रार्थनेतही या जागी आले की मी पटकन दुसऱ्यांसाठी मागायला लागते. आजारी लोक पुष्कळ असतात, विषय मिळतो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

माझं गोंदियाला लागून कुडव्याला ब्यूटी पार्लर आहे. माय सडक अर्जुनीकडच्या खेड्यातली. मिशनच्या दवाखान्यात आया होती — आयुष्यभर लोकांचे बेडपॅन उचलले, आणि एक घास प्रार्थनेशिवाय तोंडात घातला नाही. डोळे गच्च मिटायची, हात जोडायची आणि मोठ्यानं बोलायची, देव जसा काही शेजारच्या खोलीत बसला आहे. लग्नात, बसस्टँडवर, हायवेच्या ढाब्यावर — कुठंही. ट्रकवाले बघत राहायचे, भात निवून जायचा. लहानपणी मला ते आवडायचं, खरं सांगते. मग मी शहाणी झाले.

शहाणी म्हणजे काय? आमचा बायांचा एक ग्रुप आहे — किटी, रील, सकाळचा झुम्बा. सगळं हिंदीत, गोंदियात तसंच चालतं. धर्मावरून त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, हेही सांगून टाकते; नाहीतर तुम्ही माझ्या बाजूनं कारण शोधत बसाल. उलट ख्रिश्चन मैत्रीण म्हणजे त्यांना भारी वाटायचं. नाताळ माझ्याकडे, केक माझ्याकडे, झाड, लाल टोप्या, लायटिंग. एवढाच ख्रिस्त मी त्यांना दाखवला होता — फोटोत चांगला येणारा. केक चालायचा हो, गुडघे टेकणं नाही. 'रविवारी चर्चला जाते' म्हणायची लाज वाटायची, म्हणून 'रविवारी पार्लरला गर्दी असते' म्हणायचे. आणि मग हळूहळू रविवारी खरंच पार्लर उघडायला लागले.

एका वर्षी नाताळच्या पार्टीला माय न सांगता आली. पिशवीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा, पायात रबरी चपला. बाया तिच्याशी प्रेमानं वागल्या, सोफ्यावर बसवलं. ताटं वाढून झाली, ग्रुपमधल्या ज्योतीभाभीनं रीलसाठी मोबाइल वर धरला — आणि माय उभी राहिली.

"थांबा वो बायाहो, पयले प्रार्थना करू."

डोळे मिटले आणि सुरू. अन्नासाठी आभार, घरासाठी आभार, प्रत्येक बाईच्या लेकराबाळांसाठी आशीर्वाद. मग माझ्यावर आली. "प्रभू, माही पोरगी तुले इसरून राहिली. तू तिले इसरू नको."

कोणीतरी फिसकन हसलं. मोबाइल चालूच होता. माझे कान तापले. काय करायचं होतं मला? तिच्या शेजारी उभं राहून दोन मिनिटं डोळे मिटायचे — बस, एवढंच. काय गेलं असतं माझं? पण मी हसले. ज्योतीभाभीकडे वळून म्हणाले, "माँ का दिमाग थोडा ठीक नहीं रहता. दवाई चालू है."

डोळे मिटलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असं मला वाटलं असावं. की तिला हिंदी कळत नाही, असं? छत्तीसगडहून आलेले पेशंट जन्मभर सांभाळलेल्या बाईला?

प्रार्थना मध्येच थांबली. 'येशूच्या नावानं मागते' हे शेवटचं वाक्य तिनं कधी सोडलं नव्हतं. त्या दिवशी ते राहिलं. नुसतं 'आमेन' म्हणून ती खाली बसली.

ज्योतीभाभी मनानं चांगली बाई. ती मायजवळ बसली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अम्मा, दवाई टाइम पे लेते हो ना?" मायनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "हो बाई. गोळी चालू हाये."

जन्मात खोटं न बोललेली बाई — माझी लाज राखायला खोटं बोलली. आमेन म्हटल्यावर लगेच.

पुढं ती थकली आणि माझ्याकडेच राहायला आली. दीड वर्ष. त्या दिवसाबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. फक्त जेवायला बसली की ताटाकडे बघायची आणि जेवायला लागायची. डोळे उघडे. हात जोडणं नाही, ओठ हलणं नाही — घरात आम्ही दोघीच असलो तरीही. मला दिसत होतं ना! दिसत होतं, आणि मी वाढत होते, भात घे, भाजी घे करत. एकदा तरी म्हणायचं होतं, माय, प्रार्थना कर. जीभ झडली होती का माझी? नाही. मला ते सोयीचं होतं. बायांचं येणंजाणं होतं घरी.

उन्हाळ्याच्या तोंडावर माय गेली. दफनाच्या वेळी पास्टर म्हणाले, आमच्या या बहिणीनं प्रार्थनेशिवाय कधी एक घास खाल्ला नाही. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले — सगळ्यांत मोठ्यानं.

कब्रस्तानाच्या फाटकाशी ज्योतीभाभीनं मला जवळ घेतलं. "छूट गई बेचारी. ऐसी हालत में तुमने कितना सँभाला!" मी पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. ती शाबासकी मी घेतली. घरी घेऊन आले.

मायचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठीक होतं. कुडव्यात हे कोणालाच माहीत नाही. तिथं ती अजूनही पागल अम्माच आहे.