पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा

आमगावच्या साडीच्या दुकानातला तो माणूस साडी दाखवताना पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकतो आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. "छान आहे" असं कधी म्हणत नाही. "पाहा," एवढंच.

बुद्धपौर्णिमेआधी आई दरवर्षी त्याच्याकडून पांढरी साडी घ्यायची. सगळ्या पांढऱ्याच, तरी तीस-चाळीस उलगडायला लावायची. ही पिवळट, ही फारच झिरझिरीत, हिचा काठ नवरीला शोभेल. तो निवांत घड्या घालत बसायचा. लाज मला वाटायची.

यंदा आईला चालवत नाही, म्हणून मी एकटीच गेले आणि समोर आली ती पहिलीच साडी उचलली.

"माय काऊन नाई आली?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने माझ्या हातातली साडी घेतली, तिच्यावर आणखी सात ठेवल्या आणि गठ्ठा बांधून दिला.

"घरी घेऊन जा, ताई. तिले बसून नापसंत करू द्या."

आईने अख्खी दुपार साड्यांना नावं ठेवली आणि एक ठेवून घेतली. मी उचललेली नापसंतांत होती.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत नेला. त्याने तो सोडला, वरची साडी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "सांगा, हिच्यात कोनती खोट काढली मायनं?"