कापसाच्या ढिगावरची कादंबरी

घरात भरलेल्या कापसाचा उबट वास आला की अजून एक पुस्तक आठवतं. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट असेल. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. ताई त्यातली कवडी, म्हणजे डागाळलेला, किडका कापूस, वेचायची आणि मी ढिगावर बसून तिला कादंबरी वाचून दाखवायची, कारण तिची शाळा दुसरीतच सुटली होती. इंग्रजीवरून मराठीत आणलेली गोष्ट: घोडागाडीतून हिंडणारा सरदार, गरीब शिक्षिका, आणि ‘परत येईन’ म्हणून त्याचं निघून जाणं. पुस्तक आमच्या शाळेतल्या तरुण मास्तरांनी दिलेलं. बदली झाली तेव्हा तेही ताईला तसंच सांगून गेले होते. तेवढ्यात मालेगावचं स्थळ आलं. ‘आज शेवट वाच व, मंग बाबाले काय ते सांगतो,’ ताई म्हणाली. आईनं ते ऐकलं. मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाली, ‘तिले सांग, तो येत नाही.’ पुस्तकात तो आला होता. मी पानावर नजर ठेवून तो न आल्याचं वाचलं. ताईनं हातातली कवडी टोपलीत टाकली आणि ‘बरं’ म्हणाली. ताईच्या लग्नाला महिना झाला नाही तोच मास्तर दारात उभे राहिले. आईनं पाणी दिलं, वाटेला लावलं. ताईला कुणीच काही सांगितलं नाही. आता माझी नात कानात फोनच्या वायरी घालून तसल्याच इंग्रजी गोष्टी ऐकते. परवा ते पाहून ताई हसली. ‘आपल्या पुस्तकातला बी कुठी परत आला होता व,’ म्हणाली. मी मानेनंच हो म्हटलं.