वरचे भाऊ एकटे राहतात

इंग्लंडातल्या या अख्ख्या लेस्टर शहरात ज्याला खोटं म्हणून बोलता येत नाही असा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहतो. घर एक, दार एक, किचन एक. खालची खोली माझी, वरची त्यांची. मी साताऱ्याची, रिटायर्ड नर्स. ते नागपूरचे, मोज्यांच्या फॅक्टरीत पॅकिंगला होते. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई. मोठं कोण हे दोघांनीही कधी विचारलेलं नाही. नियम म्हणजे भाऊंचा जीव की प्राण. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. एकदा सिग्नलच बिघडला होता, तर हे आपले पावसात निळा टाय लावून उभे! मी हाताला धरून आणलं नसतं तर अजून तिथेच असते. एकदा बसमध्ये डुलकी लागून एक स्टॉप पुढे गेले, तर ड्रायव्हरकडे जाऊन म्हणाले, "माझं तिकीट मागच्या स्टॉपपर्यंतच होतं." त्याने बिचाऱ्याने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. आणि मोबाइलवर 'अटी मान्य' दाबण्याआधी त्या अटी खरोखर वाचणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

फॅक्टरी बंद पडली तरी भाऊ बेनिफिटचा, म्हणजे सरकारी बेकारभत्त्याचा, अर्ज करेनात. काम न करता पैसे कसे घ्यायचे म्हणे. मी चिडलेच. "अहो भाऊ, इतकी वर्षं टॅक्स भरलात तो काय हौस म्हणून? हक्काचं आहे ते." हक्क म्हटल्यावर मात्र टाय लावून निघाले. ऑफिसातल्या बाईने साधा प्रश्न विचारला, घरात सोबत कोण असतं? दुसरा कोणी 'एकटाच असतो' म्हणून मोकळा झाला असता. यांनी पाढाच वाचला. भाकरी ताईंची, रस्सा माझा. त्यांची औषधं मी आणतो, मला ताप आला की त्या उशाशी बसतात. सख्खी बहीण का, तर नाही. झालं! आम्ही जोडप्यासारखे राहतो की काय, असा ऑफिसला संशय आला; जोडपं म्हटलं की इथे दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात, म्हणून खुलासा होईपर्यंत अर्ज अडकला. साठी उलटल्यावर माझं लग्न लागलं आणि मलाच पत्ता नाही. मी पोट धरून हसले. भाऊ हसले नाहीत. "ताई, माझ्यामुळे तुमच्या नावाला बोल लागला," एवढंच म्हणाले. शिवाय पैसे सुरू झाले नाहीत तर खोली सोडावी लागणार होती.

शेवटी आम्हा दोघांना बोलावलं. हे तुमचे कोण, असं त्या बाईने मला अगदी नम्रपणे विचारलं. मी म्हटलं, "कोणी नाहीत. एका घरातले भाडेकरू." नर्सला चेहरा कोरा ठेवून बोलायची सवय असते. भाऊंना वेळ लागला. पाणी मागितलं, घोटभर प्यायले. मग म्हणाले, "मी एकटा राहतो. इथे माझं कोणी नाही." मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी खोटं बोलायला जमलं यांना.

पैसे सुरू झाले. मी त्या दिवशी मुद्दाम पिठलं केलं आणि हाक मारली, तर भाऊ जिन्यातच थांबले. "ताई, एकटा राहतो असं सही करून दिलंय मी. आता खाली येऊन जेवलो तर ते खोटं ठरेल."

"अहो, पण इथे बघतंय कोण?"

"मी आहे ना," म्हणाले आणि वर गेले.

तेव्हापासून माझं आवरलं की ते किचनमध्ये येतात, आपल्यापुरतं शिजवतात आणि ताट घेऊन वर जातात. भेटलोच तर 'थंडी पडलीय' आणि 'हो ना', एवढंच. मिस्टर गेल्यावर एकटं राहायची सवय झाली, असं मी सगळ्यांना सांगत असे. कसली सवय अन् कसलं काय. एकटीसाठी भाकरी थापायची म्हटलं की हात चालत नाही, मग ब्रेडवर भागवते. वरून मात्र दिवसभर भाऊंचा आवाज येतो; इंटरव्ह्यूची उत्तरं घोकत असतात, मोठमोठ्याने.

परवा जिन्यात म्हणाले, "ताई, गोदामात एक जागा निघालीय. मिळाली की बेनिफिट बंद, सही पण संपली. त्या दिवशी येईन खाली." मी म्हटलं, "या की."

देवाकडे काही मागायची मला सवय नाही, पण हल्ली रोज दिवा लावून भाऊंना नोकरी लागू दे म्हणते. भाऊंना वाटतं, ताई आपल्यासाठी किती करतात.