उमरग्याच्या दोन मंडळ्यांची एकी

दोन मंडळ्या एक करायच्या म्हटलं की मीटिंगा होतात, ठराव होतात, आणि पुढं ते कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. ध्यानात राहतात ते किस्से. उमरग्याच्या आमच्या एकीचे तर इतके साठलेत, की थिऑलॉजी मागं पडली!

तेव्हा निजामाचा अंमल होता. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, तरी मंडळ्या दोन. आमची रिफॉर्म्ड, म्हणजे कारभार निवडलेल्या पंचांचा. दुसरी अँग्लिकन, म्हणजे वर बिशप. मी बंगळूरला धर्मशास्त्र शिकून नुकताच परतलो होतो. एकी व्हावी म्हणून माझी झोप उडाली होती; पण तत्त्व सोडून नको, हेही तितकंच पक्कं.

*

पहिली अडचण प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याची. आम्ही सतरंजीवर मांडी घालून घेतो, ते गुडघे टेकून. भाकरीपुढं गुडघे टेकले तर भाकरीचीच पूजा होते, यावर मी तासभर बोललो.

त्यांचे पुढारी सॅमसनराव म्हणाले, "बसून घ्यायला ती काय मेजवानी हाय व्हय?"

आमचे पंच शांतवनराव म्हणाले, "प्रभूनं शिष्यांना जेवायलाच बसवलं व्हतं की!"

शेवटी ठरलं, सगळ्यांनी गुडघे टेकावेत. ज्याचे दुखतात त्यानं बसावं. त्या रविवारी आमच्या सगळ्या मंडळीचे गुडघे दुखत होते!

*

त्यांची प्रार्थना पुस्तकातून, आमची मनातून. एकत्र उपासनेत शेवटची प्रार्थना शांतवनरावांकडं दिली. त्यांनी लढाईवरचे शिपाई घेतले, ज्वारी घेतली, बैल घेतले, नळदुर्गच्या रस्त्यावरचे खड्डे घेतले. आमेन काही येईना. लेकरं रडून रडून झोपली.

बाहेर आल्यावर सॅमसनराव मला म्हणाले, "पुस्तकाचं एक बरं असतंय. त्याला शेवटचं पान असतंय!"

*

सभेला तहसीलची परवानगी लागायची. पेशकारसाहेबांनी चष्मा वर केला.

"दोनो जमातां मिलको एक होरे? किसके खिलाफ?"

"किसीके खिलाफ नहीं, साहब."

"फिर तो झूट बोलरे तुम!"

परवानगी मिळाली, पण सभेच्या दारात पोलीस बसला.

*

खरी गाठ बसली ती दानियलरावांवर. हे आमचे म्हातारे पाळक. माझा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा, मला शिकायला धाडणारेही तेच. त्यांना पाळकपणाची दीक्षा पंचांनी दिलेली. सॅमसनरावांचं म्हणणं, बिशपनं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय पाळक पुरा होत नाही. हात ठेवा, नाहीतर एकी नको.

मी उसळलो. "म्हणजे त्यांची आजवरची सेवा खोटी?"

बायकांतून शांतवनरावांच्या घरच्या, रूथआत्या, उठल्या.

"पाळकसाब, आमचं लगीन तुमीच लावलं न्हाय का? ते बी खोटं? मग ह्यांच्या भाकरी म्या कशाला थापू?"

शांतवनराव घाईनं उभे राहिले. "आजची मीटिंग बरखास्त!"

*

अखेर बिशपसाहेब स्वतः आले. उतारवय, अंग जड. मी खुर्ची आणून ठेवली होती. "सगळे बसतात तिथंच बसतो," म्हणत त्यांनी दानियलरावांशेजारी सतरंजीवर मांडी घातली.

वाद लई वेळ चालला. हात ठेवले तर दानियलरावांची उभी हयात अपुरी ठरणार. न ठेवले तर एकी मोडणार. कुणी मागं सरेना. बिशपसाहेब निघायला उठू लागले, तर पाय बधिर! दोनदा प्रयत्न केला, उठवेना.

दानियलराव सरकत त्यांच्यापुढं आले. गुडघे टेकले आणि मान खाली घातली.

बिशपसाहेबांनी दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले. क्षणभर तसेच राहिले. ओठ हलत होते; काही म्हणत होते की धाप लागली होती, कळलं नाही. मग भार देऊन ते उभे राहिले.

"हात ठिवले!" सॅमसनराव म्हणाले.

"आधार दिला!" शांतवनराव म्हणाले.

दानियलरावांनी मान वर न करता विचारलं, "साहेब, झालं?"

"झालं," बिशपसाहेब म्हणाले, आणि हात धरून त्यांनी दानियलरावांना उठवलं.