उकळलेला स्पंज

माझी धाकटी नणंद जन्मभर ऑपरेशन थिएटरात नर्स होती. घरीदारी सगळे तिला ‘सिस्टर’च म्हणतात, मीसुद्धा. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “वहिनी, बाहेरून आल्यावर तो आधी हात धुणार की नाही, याची खात्री कुणी देईना.” ती माझ्या खालच्याच मजल्यावर राहते. तिच्याकडे पाहुणा खुर्चीवरून उठला की खुर्ची पुसली जाते, तीही त्याच्या देखत.

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी तिला काचेची टाकी आणि कॅटफिश माशांची जोडी भेट दिली. नर मिशाळ, ओबडधोबड, दिवसभर गोट्यासारखा पडून. “हा काय, कायमचा रजेवर आहे का?” ती करवादायची. मग एकदा मादीनं लाकडाच्या पोकळीत नारिंगी अंडी घातली, आणि हा तहानभूक विसरून पर हलवत त्यांना वारा घालत बसला. सिस्टरचं मत तिथल्या तिथे बदललं. “वहिनी, आई गावभर हिंडतेय आणि बाप ड्यूटीवर! असा वॉर्डबॉय मला नोकरीत एकदाही लाभला नाही.”

पिल्लं निघाली, नखाएवढीसुद्धा नव्हती. सिस्टरनं त्यांच्यासाठी वेगळी छोटी टाकी मांडली आणि जाळीनं त्यांना तिच्यात हलवलं. काच चकचकीत, पाणी नवं, पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज उकळून घेतलेला. आठवड्याभरात एकही उरलं नाही. पुढच्या खेपेला तिनं स्पंज दोनदा उकळला. तीही गेली.

“इतक्या नाजूक पेशंटांना वाचवलं मी,” ती म्हणाली, “आणि ही पोरं माझ्या हातून जातात. पुढच्या वेळीही असंच झालं, तर टाकी देऊन टाकते.” ती हे रडवेल्या आवाजात म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. पण ती थंडपणे म्हणाली, म्हणून मला काळजी वाटली.

त्यानंतर तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. मोठी टाकी तशीच राहिली. लाकडावर शेवाळ, स्पंजावर गाळ. वाकायची परवानगी मिळाल्यावर तिनं आधी टाकीत डोकावून पाहिलं आणि मला हाक मारली. लाकडाच्या खालच्या बाजूला एक गुबगुबीत पिल्लू चिकटलं होतं. मागच्या खेपेचं, तिच्या जाळीतून निसटलेलं.

“याला मी काहीच केलं नाही,” ती म्हणाली. “मग हा जगला कसा?”

दोन दिवस तिला दुसरं काही सुचेना. माझ्या स्वयंपाकघरात येऊन ती तेच विचारायची. मी तेव्हा दही लावत होते. म्हटलं, “अगं, विरजण कधी उकळून घालतेस का तू?”

ती माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे माशांची घाण पचवणारे जंतू त्या स्पंजात असतात. आणि मी त्यांनाच उकळत होते.”

तिसऱ्या खेपेला तिनं मोठ्या टाकीतला मळकट स्पंज न धुता छोट्या टाकीत ठेवला. रोज थोडं पाणी बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं ठरलं. हात शिवशिवायला लागले की ती वर माझ्याकडे यायची आणि माझे डबे घासायची. माझी भांडी इतकी चकाकू लागली की त्यात माझ्या सुरकुत्या दिसायला लागल्या.

आधीची पिल्लं जितक्या दिवसांत गेली होती, तितके दिवस भरले, त्या सकाळी तिनं मला किल्ली दिली. “वहिनी, तुम्हीच बघून या. मी इथे कढई घासते.”

मी गेले. काचेला कुणी चिकटलेलं नव्हतं. तळाशीही नाही. वर जाऊन काय सांगायचं, हे मनात जुळवत मी टाकीच्या मागच्या बाजूनं वाकून पाहिलं, तर सगळी पिल्लं त्या मळक्या स्पंजाला चिकटून चरत होती.

“सिस्टर! अगं ये लवकर!”

ती साबणाच्या हातानंच आली. साबणाचा एक थेंबही टाकीजवळ नको म्हणून मी तिला दारातच थोपवलं, हात धुवायला लावले. मग तिनं भिंग घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

“पोटं भरलीयेत सगळ्यांची,” ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. “पण त्या गाळातलं नेमकं काय खातायत, ते बघते मी आता. तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका.”