पंजाब्याच्या घरचं पिठलं

बायकोशी मी खोटं फार थोडं बोललो. त्याला लागतं ते डोकं माझ्याकडे नाही. पण शेवटच्या वर्षी एका सिनेमावरून बोललो, आणि ते तिला कळलं होतं की नाही, हे ती गेल्यावर आठ महिने माझ्या पोटात राहिलं.

रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेत मी स्वैपाक करतो. चौथीनंतर शाळा सुटली, वडिलांच्या हाताखाली चुलीपुढे बसलो, तो अजून उठलो नाही. ती साताऱ्याकडची. लग्न होऊन काशीत आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. शिकली ती सिनेमे बघून. त्यामुळे पहिली काही वर्षं ती दोडकीसुद्धा कोर्टात उभी असल्यासारखी मागायची. भाजीवाला हात जोडायचा.

सिनेमाला आम्ही दोघं जायचो, बघायची ती. पहाटे चारला उठणारा माणूस मी, अंधार झाला की अर्ध्यातच झोपायचो. परतताना गल्लीतून चालता चालता ती मला उरलेलं सांगायची. कोण चुकलं, कोण उगाच रडलं, सगळं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संकठा घाटाच्या पायऱ्यांवर तेच मी आपलं म्हणून सांगायचो. तिथे आम्ही तिघं बसायचो. मी, समोरच्या घरातले बँकेतून रिटायर झालेले आपल्यातलेच एक, आणि एक नाववाला. नाववाला मला गुरू म्हणतो. तो म्हणायचा, गुरू सिनेमा नीट बघतात. मी गप्प बसायचो.

माझं स्वतःचं मत एकच. सिनेमातली भांडी रिकामी असतात. बाई पातेलं उतरवते, त्यात म्हणे दहा माणसांची डाळ, आणि मनगट वाकत नाही. चाळीस वर्षं पातेली उचलली आहेत, मला मनगटावरून कळतं. ती म्हणायची, "तुम्हाला एवढंच दिसतं." खरंच एवढंच दिसायचं.

मग साखरेनं तिचे डोळे नेले. मग मूत्रपिंडावर आलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता दिवस मोजायचे. तिला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. मुलगी पुण्याला, तिनं माझ्या मोबाइलात सिनेमे लागतील असं करून दिलं होतं. पाठशाळेची दुपारची पंगत उठली की मी घरी यायचो, तांब्याला मोबाइल टेकवून उभा करायचो आणि खाटेशी बसायचो. बोलणं तिला ऐकू येई, चित्र मी सांगायचो. पण अर्ध्यात तिचा डोळा लागायचा. जन्मभर मी झोपलो, आता ती झोपायला लागली. आणि उरलेलं मी सांगायचं.

असा एक सिनेमा लागला. पंजाबातला ट्रक चालवणारा माणूस आणि त्याची बायको. बायकोला नेमकं हिच्यासारखंच दुखणं. मला आधी माहीत असतं तर लावला नसता. ही झोपली. शेवटाला नवरा इस्पितळातून खाली चहा आणायला जातो, वर येतो तोवर बाई गेलेली. मी मोबाइल बंद केला आणि भिंतीकडे बघत बसलो.

ती जागी झाली. "मग? त्या बाईचं काय झालं?"

"बरी झाली."

"कशी?"

"औषध लागू पडलं. घरी आली."

"घरी येऊन काय केलं?"

इथे माझं डोकं चालेना. स्वैपाक्याच्या तोंडात येणार ते आलं. "पिठलं केलं."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "भाकरी का पोळी?"

"भाकरी."

दोन दिवसांनी म्हणाली, "अहो, तो पंजाब्याचा शेवट परत सांगा." सांगितला. मग जवळजवळ रोजच विचारायला लागली. फोडणीत लसूण होता का. कोथिंबीर आतून का वरून. नवऱ्यानं दुसऱ्यांदा घेतलं का. पाठशाळेत लसूण चालत नाही, पण पंजाब्याच्या पिठल्यात मी पुष्कळ घातला. ती ऐकत पडायची. मला वाटायचं, हिला आशा वाटते आहे. स्वतःवर खूश होतो मी.

मग एका संध्याकाळी घाटावर बँकवाले म्हणाले, "तो पंजाब्याचा सिनेमा आमच्या हिनं पण पाहिला. शेवटी बाई मरते म्हणून दोन दिवस नीट जेवली नाही. तुमच्याकडे पण सांगून आली असेल."

त्यांची बायको रोज सकाळी, मी पाठशाळेत असताना, हिच्याजवळ येऊन बसायची. दोघींची सिनेमांवर चर्चा चालायची. मी उठून घरी आलो. हिनं पाणी मागितलं, मी दिलं. मग म्हणाली, "सांगा की शेवट." मी सांगितला. तोच, पिठल्याचा. तिला दिसत नव्हतं हे बरं झालं, नाहीतर माझं तोंड तिनं वाचलं असतं.

श्रावणात ती गेली. मी घाटावर जायचं सोडलं. लोक म्हणाले, दुःख आहे. दुःख होतंच, पण दुसरंही होतं. तिला कळलं असेल, तर शेवटचे दिवस ती तिथे पडून एका म्हाताऱ्याचं खोटं ऐकत होती. आणि त्या खोट्यावरून डॉक्टर काय म्हणाले तेही तिला कळलं असणार. सिनेमा बदलायला मला दुसरं कारण काय होतं?

चैत्रात बँकवाल्यांची बायको वाटीत आंब्याची डाळ घेऊन आली. एकटी होती. मी विचारून टाकलं.

"वहिनी, तो पंजाब्याचा सिनेमा तुम्ही हिला सांगितला होता?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "सांगितला होता, भाऊजी. तुम्ही सांगितलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पण तिला आधीच कळलं होतं."

"कशावरून?"

"पिठल्यावरून. मला म्हणाली, पंजाब्याच्या घरात पिठलं-भाकरी कुठून आली? एकतर हे झोपले, नाहीतर ती बाई मेली. हसत होती, भाऊजी. मलाही हसवलं तिनं."

"मग?"

"मग रडली. मी म्हटलं, आता परत विचारू नकोस त्यांना. तर म्हणाली, विचारणार. एरवी हे जवळ बसून इतकं बोलतात कुठे."

त्या गेल्या. डाळ मी खाल्ली, मीठ कमी होतं. बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. ती रागावली नव्हती, हे ठीक. पण तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि एका खाटेशी बसून आम्ही फोडणीवर बोलत राहिलो. तिला भीती वाटते का, हे मी विचारायला हवं होतं. मुलीला बोलवू का, हे विचारायला हवं होतं. मला काहीतरी सांगायचंही असेल तिला, चाळीस वर्षांच्या संसारात काहीतरी असतंच. मी सिनेमा बदलला आणि तिनं मला बदलू दिला. जे बोलायचं ते राहून गेलं. मी लसूण घालत बसलो.

दुसऱ्या दिवशी घाटावर गेलो. दोघं तिथेच होते.

"का गुरू, कहाँ रहलऽ एतना दिन?" नाववाला म्हणाला आणि सरकून जागा दिली. मी बसतोय तोवर त्यानं बँकवाल्यांना मघाचंच पुन्हा विचारलं. सकाळी त्यानं मोबाइलवर एक सिनेमा लावला होता, अर्ध्यात नावेला सवारी आली, ठेवून द्यावा लागला. पंजाबातला ट्रकवाला, बायको आजारी. "ऊ औरत बचल की ना?"

बँकवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "विसरलो बुवा. जुना आहे तो."

"मर जाती है," मी म्हणालो. "आदमी चाय लाने नीचे जाता है, तब. मी बघितलाय पूर्ण. जागा होतो."

नाववाल्यानं हळूच विचारलं, "और चाय?"

मी आठवून बघितलं. तो माणूस जिना चढून येतो, दारात थांबतो. दोन्ही हातांत पेला, सांडू नये म्हणून मनगटं ताठ धरलेली.

"हाथ में ही रहती है," मी म्हणालो. "पेला भरलेला होता. खरंच भरलेला होता."