दुभाजकापलीकडचं शिलंगण

मानसिंगरावांचे पूर्वज धारच्या दरबारात घोड्यांची खोगिरं शिवत. मानसिंगराव सरदारपूरच्या रस्त्यावर ट्रकच्या सीटा शिवतात. दोन्ही कामं बुडाखालचीच. पण 'आम्ही दरबारची माणसं' हे वाक्य ते अशा थाटात म्हणत, की त्या खोगिरांवर यांचेच आजे-पणजे बसत असावेत.

रस्ता रुंद व्हायचा ठरला तेव्हा बाजारातले सगळे आपापला ओटा वाचवायला वकिलाकडे धावले. मानसिंगरावांनी मात्र आपल्या हाताने ओटा फोडला, इंजिनिअर साहेबाला हार घातला आणि राज्याच्या कामात आडवं येणं आमच्या रक्तात नाही, असं सुनावलं. साहेब चहा पिऊन गेला. रस्ता झाला, आणि झकास झाला. गंधवानीचा कापूस दुपारच्या आत मंडीत पोचू लागला, ढाब्यांना खाटा पुरेनात, भाजीवाल्या बायकासुद्धा पिकअप ठरवून जाऊ लागल्या. फक्त मधोमध कमरेएवढा दुभाजक आला.

फाटकी सीट शिवायला थांबतो तो रिकामा ट्रक. भरल्या ट्रकच्या ड्रायव्हरला माल पोचवायची घाई. त्याच्या खाली खिळे असले तरी तो उतरायचा नाही. आणि मानसिंगरावांचं दुकान नेमकं भरल्या ट्रकांच्या बाजूला. रिकामे पलीकडून जात. जुनी गिऱ्हाइकं खिडकीतून 'राम राम भिया' म्हणत हात हलवत, तेवढाच धंदा. वळायची जागा पार पुढच्या गावाला.

दुकानासमोर दुभाजक फोडून वाट द्या, म्हणून मानसिंगराव साहेबाकडे खेटे घालू लागले. साहेब हार विसरला नव्हता. दरवेळी चहा पाजायचा. शेवटी म्हणाला, तिथे वाट दिली तर माणसं मरतील. मानसिंगराव चहा संपवून उठले.

तोवर समोरच्या बाजूला शेजारच्या गोपाळरावांच्या मुलाने, हर्षितने, सीट-कव्हरांचं झगझगीत दुकान थाटलं. आपणही पलीकडे टपरी भाड्याने घेऊ, असं इंदूताईंनी नवऱ्याला सुचवलं. टपरीत बसायला आपण काय पानवाले आहोत, एवढं विचारून त्यांनी विषय मिटवला.

दसरा आला. शिलंगणाला गावाची सीमा ओलांडून आपट्याचं सोनं आणायची घरची रीत. यंदा मानसिंगरावांनी फेटा बांधला, घरातली तलवार कमरेला लावली आणि सीमा म्हणून दुभाजकच निवडला. वर चढले खरे, पण तलवार दुभाजकावरच्या जाळीत अडकली आणि एका क्लीनरने त्यांना पोत्यासारखं उतरवून घेतलं. फेटा सावरत ते हर्षितच्या दुकानात शिरले, त्याच्या हातावर खिशातली आपट्याची पानं ठेवली. पोरगा रीतीप्रमाणे पाया पडला आणि हळूच म्हणाला,

"काका, तुमची दुकान तिकडे आता नाही चालणार. मशीन घेऊन इकडेच या ना. माझ्याकडे कव्हरं ढीगभर, पण शिलाई कोणाला येतच नाही."

मानसिंगरावांनी दरबार, पूर्वज, खोगिरं सगळं ओठांपर्यंत आणलं. बाहेर रिकामे ट्रक रांगेत उभे होते. त्यातले निम्मे त्यांच्या ओळखीचे.

"किती वाजता उघडतोस?" त्यांनी विचारलं.

घरी इंदूताई ओवाळायला ताट घेऊन दारात उभ्या होत्या. दरवर्षीसारखंच त्यांनी हसून विचारलं, "काय लुटून आणलंत?"

"नोकरी."

ताट अर्ध्यावर थांबलं. मग त्यांनी उरलेलं ओवाळणं पुरं केलं.

"म्हणजे उद्यापासून डबा द्यावा लागेल," त्या म्हणाल्या.